मांजराची जखम: घरी काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांची दीड वर्षाची मांजर रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बोक्याच्या तावडीत सापडली. सकाळी पाहिलं तर पुढच्या उजव्या पायाची कातडी रुपयाएवढ्या जागेत खरवडलेली, आणि मानेवर केसांत दोन बारीक छिद्रं, भोवती थोडं रक्त वाळलेलं. सासूबाई म्हणतात हळद-खोबरेल लावू. शेजाऱ्यांनी गोठ्यातला जखमेचा स्प्रे आणून दिला. मेडिकलवाल्याने एक मलम दिलं आणि दुखू नये म्हणून लहान मुलांचे पॅरासिटामॉलचे थेंब दिले. गावच्या दवाखान्यात गायी-म्हशींचीच गर्दी, तालुक्याला जायचं तर अर्धा दिवस मोडतो. त्यांनी विचारलंय, "पायाची जखम मोठी आहे, मानेचं तर काहीच नाही. हे घरच्या घरी बरं होईल का? आणि टीटीचं इंजेक्शन द्यावं लागेल का?"

ताई, आधी ते थेंब बाजूला ठेवा. एकदाही पाजले असतील तर बाकीचं नंतर वाचा, आत्ता मांजर घेऊन दवाखान्याकडे निघा. कारण पुढे सांगतो.

आता जखमांबद्दल. तुम्हाला जी मोठी वाटते ती पायाची जखम घरी बरी होण्यासारखी आहे. जी काहीच नाही असं वाटतं, त्या मानेच्या दोन छिद्रांसाठी डॉक्टर लागेल. मांजराच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच उलटं असतं, आणि जळगाव-धुळ्याकडे इतकी वर्षं जनावरं बघताना मला हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा समजावून सांगावी लागली आहे.

बोक्याचा सुळा लांब, बारीक आणि टोकदार असतो. तो कातडीतून सरळ आत जातो आणि तोंडातले जंतू खोलवर सोडून बाहेर येतो. पाश्चुरेला नावाचे जंतू तर निरोगी मांजराच्या तोंडातही राहत असतात. मांजराची कातडी सैल आणि चटकन सांधणारी. वरचं छिद्र एक-दोन दिवसांत बंद होतं आणि घाण आत कोंडली जाते. मग दोन ते पाच दिवसांत तिथे गळू धरतं. तोवर मालक निश्चिंत असतो, कारण जखम वरून सुकलेली दिसते. आणि एके दिवशी मांजर कोपऱ्यात बसून राहते, खात नाही, उचललं की ओरडते. आमच्याकडे येणारी मंडळी दारातूनच सांगतात, "डॉक्टर, काल ते चांगली व्हती, आज उठी नई राहिनी." केस बाजूला केले की खाली दोन-तीन बोटं रुंद गरम सूज, मधोमध दोन बारीक खपल्या. ती फुटली की पिवळट-तपकिरी, घाण वास येणारा पू, आणि त्याखाली कातडी मांसापासून सुटून पोकळ झालेली.

चावल्यापासून पहिल्या २४ तासांत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तर गळू बहुतेक वेळा धरतच नाही. उशीर झाला की भूल देऊन चिरा मारावा लागतो, पू काढून धुवावं लागतं. म्हणून अर्धा दिवस मोडायचाच असेल तर तो आज मोडा. निघेपर्यंत कोमट मिठाच्या पाण्यात गॉझ (जखमेसाठी मिळणारी जाळीदार सुती पट्टी) भिजवून ती छिद्रं पाच मिनिटं शेका, म्हणजे वरची खपली मऊ राहील. दाबून पू काढायचा प्रयत्न करू नका, दाबल्याने घाण आतल्या आत पसरते.

शेकतानाच बाकीचं अंगही तपासा. समोरासमोर भांडलेल्या मांजराला तोंडावर, कानावर, मानेवर आणि पुढच्या पायांवर लागतं. पळताना पकडलेल्याला शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या पायांवर. केसांवरून हात फिरवताना कुठे केसांची गुठळी वाळलेली लागली, किंवा एखाद्या जागी हात गेला की मांजर दचकून वळली, तिथे थांबा, केस ओले करून बाजूला करा आणि नीट बघा. दातांची छिद्रं सहसा जोडीने असतात. एक सापडलं की दुसरं शोधा.

आता पायाच्या जखमेकडे येऊ. कातडीचा वरचा थर सोलला आहे, खालचं लाल-गुलाबी दिसतंय, रक्त थांबलंय, मांजर त्या पायावर भार देऊन चालतेय, एवढं असेल तर घरी करता येतं. मांस उघडं पडून फट वासली असेल, पांढरी दोरीसारखी नस किंवा हाड दिसत असेल, सांध्यावर जखम असेल, तर हात न लावता स्वच्छ कापडात गुंडाळून आणा.

पहिलं काम मांजराला धरण्याचं. माणसं इथेच घाई करतात आणि ओरबाडून घेतात. खोलीचं दार लावा, खिडकी लावा, कूलरसाठी भिंतीला पाडलेलं भोक असेल तर तेही बंद करा. घाबरलेली मांजर त्या भोकातून निसटते आणि मग दोन दिवस हाती लागत नाही. सगळं सामान आधी हाताशी मांडून ठेवा. जाड टॉवेल खाटेवर पसरा, मांजर मध्ये बसवा, एक बाजू मानेखालून ओढून घ्या, मग दुसरी बाजू वरून, म्हणजे तीन पाय आणि नखं आत राहतील आणि फक्त दुखरा पाय बाहेर येईल. एकाने धरायचं, दुसऱ्याने काम करायचं. घरात तिच्या सवयीचं जे माणूस असेल त्याने धरावं आणि हळू आवाजात बोलत राहावं. पिल्लाला आई उचलते तसं मोठ्या मांजराला मानेच्या कातडीने उचलून लटकवू नका, त्यात ती शांत न होता भेदरते. आणि तुमच्या मांजराच्या मानेवर तर जखमच आहे. पाच मिनिटांत जमलं नाही तर सोडून द्या, अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

दुसरं काम केस कापण्याचं. हे टाळलं तर पुढचं सगळं वाया. ओले केस जखमेत जातात, चिकटतात आणि त्याखाली पू साठतो. पण मांजराची कातडी पातळ असते आणि केसांबरोबर कात्रीत वर उचलली जाते. घरी कात्रीने जखम वाढवून आणलेली मांजरं मी बरीच पाहिली आहेत. त्यासाठी एक पद्धत आहे. आधी जखमेवर ओली गॉझ ठेवा किंवा थोडं साधं व्हॅसलिन पसरा, म्हणजे कापलेले केस आत न पडता त्याला चिकटतील. मग बारीक दातांची फणी जखमेच्या कडेला कातडीवर आडवी टेकवून केसांत घाला. फणीच्या वर जे केस उभे राहतील तेवढेच कापा. कात्री फणीच्या वर, कातडी फणीच्या खाली. कात्री बोथट टोकाची घ्या. जखमेभोवती एक बोट जागा मोकळी झाली की पुरे. शेवटी गॉझसकट व्हॅसलिन पुसून काढा. दाढीचं ब्लेड वापरू नका.

तिसरं काम धुणं, आणि सगळ्यात जास्त गुण याचाच आहे. पाव लिटर पाणी उकळून त्यात अर्धा चहाचा चमचा साधं मीठ घाला आणि झाकून कोमट होऊ द्या. हे पाणी शरीरातल्या द्रवांइतपतच खारट असतं, त्यामुळे झोंबत नाही आणि नवीन धरत असलेल्या कातडीला इजा करत नाही. मीठ जास्त घातलं म्हणजे जास्त गुण येतो असं नाही, उलट आग होते. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाईनची बाटली मिळते, तीही चालेल, फक्त त्यावर डेक्स्ट्रोज लिहिलेलं नको, ते साखरेचं असतं. २० मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून टाका आणि जखमेवर थोडा जोर देऊन पाणी मारा. पाच-सहा सिरिंजा तरी माराव्या लागतात. माती, केस, वाळलेलं रक्त वाहून जायला हवं. चोळू नका. खपली चिकटली असेल तर ओली गॉझ दोन मिनिटं ठेवा, सुटली तर सुटेल, नाहीतर राहू द्या.

इथे खान्देशातल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. दिवाळीनंतर आपल्याकडे घराघरांत कापूस भरलेला असतो आणि जखम दिसली की हात आधी त्याकडे जातो. शेतातला कापूस जखमेवर ठेवू नका. त्यात सरकी, पाचोळा, धूळ असते, त्याचे तंतू जखमेत अडकतात, आणि कच्चा कापूस पाणी नीट शोषतही नाही. कापूस जाळून त्याची राख भरण्याची जुनी पद्धत आहे, तीही नको. राख आत बसली की आम्हाला ती खरवडून काढावी लागते. मेडिकलमधलं गॉझचं पाकीट स्वस्त आहे, तेच घ्या.

धुतल्यावर जंतुनाशक लावायचंच असेल तर बीटाडीनचं साधं पातळ औषध घ्या आणि ते पातळ करूनच वापरा. अर्ध्या ग्लास पाण्यात, म्हणजे साधारण १०० मिलीत, एक छोटा चमचा. रंग फिक्या कोऱ्या चहासारखा आला पाहिजे. गडद तपकिरी असेल तर अजून पाणी घाला. दाट औषध जंतूंबरोबर जखम भरणाऱ्या पेशीही मारतं. ज्या बाटलीवर स्क्रब लिहिलेलं असतं त्यात फेस करणारा साबण असतो, ती जखमेसाठी नाही. पातळ औषध लावून दोन मिनिटं थांबा, गॉझने टिपून घ्या, आणि वर पुन्हा एकदा मिठाचं पाणी मारा. सकाळ-संध्याकाळ एवढंच. रोज जखमेशेजारी रुपयाचं नाणं धरून मोबाईलवर फोटो काढा. जखम लहान होतेय की नाही हे नजरेला चार दिवस कळत नाही, फोटोत लगेच कळतं, आणि डॉक्टरला दाखवायलाही उपयोगी पडतं.

पट्टी बांधू का, हे सगळेच विचारतात. उथळ जखमेला नको. घरी बांधलेली पट्टी बहुधा घट्ट होते, खालचा पंजा सुजतो, आत ओल कोंडते. उघडी, स्वच्छ आणि कोरडी जखम आठ-दहा दिवसांत भरते. रक्त वाहत असेल तेव्हा मात्र घडी केलेली गॉझ जखमेवर ठेवून पाच मिनिटं सलग दाबून धरा. मध्ये उचलून बघितलं की धरलेली गुठळी निघते. दहा मिनिटांतही थांबलं नाही तर दाबलेलंच ठेवून निघा. नख तुटून रक्त येत असेल तर त्याच्या टोकाला कॉर्नफ्लोअर दाबून धरा, थांबतं.

आता चाटणं. मांजर चाटते म्हणजे जखम साफ ठेवते, हा समज फार पक्का बसलेला आहे. तिची जीभ खरखरीत असते, बारीक मागे वळलेल्या काट्यांची. त्या जिभेने दहा मिनिटांत नवी धरलेली साय सोलून निघते, आणि तोंडातले जंतू वर लागतात ते वेगळेच. म्हणून गळ्यात कॉलर घाला. विकत मिळत नसेल तर घरातली जुनी एक्स-रे फिल्म घ्या. अर्धगोल कापून मध्ये गळ्याएवढी खाच ठेवा, कडांना चिकटपट्टी लावा, शंकूचा आकार देऊन गळ्याभोवती बसवा. कडा नाकाच्या एक-दोन बोटं पुढे यायला हवी, आणि गळा व कॉलर यांत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तुमच्या मांजराच्या मानेवर छिद्रं असल्याने कॉलर तिथे घासेल. तिला जुन्या मोज्याचा पायमोजा जास्त सोयीचा पडेल: मोजा पायावर सैल चढवा, वरची कड खांद्याला गुंडाळलेल्या मऊ कापडाला टाका घालून अडकवा, आणि रोज बदला. पहिले काही तास ती मागे मागे चालेल, पडेल, रुसेल. त्यावर दया येऊन काढून टाकू नका. खाताना काढली तर समोर बसून राहा.

याच चाटण्यामुळे मांजराच्या औषधांचा सगळा नियम बदलतो. कुत्र्याला किंवा गाईला लावलेलं औषध बऱ्याच अंशी अंगावर राहतं. मांजराच्या अंगावर लावलेलं मात्र मांजराने खाल्लंच असं धरून चालायचं. आणि तिचं यकृत आपल्यासारखं नाही. आपलं शरीर काही औषधं एका ठरावीक रासायनिक वाटेने निरुपद्रवी करून बाहेर टाकतं, मांजरात ती वाट जवळजवळ बंद असते. पॅरासिटामॉल त्यातलंच. मांजराच्या शरीरात त्याचं विष बनतं, रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेऊ शकत नाहीत. काही तासांत हिरड्या गुलाबीच्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास जोरात चालतो, लघवी गडद होते. ५०० मिलीग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे, आणि लहान मुलांच्या थेंबांत औषध दाट असल्याने १ मिली थेंबही तीन किलोच्या मांजराला घातक ठरू शकतात. नाव क्रोसिन असो, डोलो असो, औषध तेच. लवकर आणलं तर एन-असिटिलसिस्टीन हा उतारा देता येतो, म्हणून म्हटलं की पाजलं असेल तर आधी निघा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरीन हेही घरी नाही. मेलोक्सिकॅम हे दुखण्यावरचं औषध आम्ही मांजराला देतो, पण वजन करून, थेंब मोजून. माणसाची साडेसात मिलीग्रॅमची गोळी तिच्या मूत्रपिंडांचं कायमचं नुकसान करू शकते.

मलमांचंही तसंच. तुम्हाला कोणतं मलम दिलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ट्यूब उलटी करून नावं वाचा. त्यात बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असेल तर ते स्टिरॉइड आहे, त्याने जखम भरायची थांबते आणि जंतूंना मोकळीक मिळते. शेवटी "केन" येणारं सुन्न करणारं औषध असेल, जसं बेंझोकेन किंवा लिग्नोकेन, तर तेही चाटल्यावर विषारी. डेटॉलमध्ये फिनॉलच्या जातीचं रसायन असतं, ते मांजराला सोसत नाही. सॅव्हलॉनमधल्या सेट्रिमाइडने चाटल्यावर जीभ आणि तोंड पोळतं, लाळ गळते, खाणं बंद होतं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने नुसती आग होते आणि पेशी मरतात. टी ट्री तेल नैसर्गिक म्हणून ऑनलाईन खूप विकलं जातं; मांजराला थरथर सुटते, चाल बिघडते.

सासूबाईंच्या हळदीबद्दल. स्वयंपाकातली हळद विष नाही, त्यांची माया खरी आहे, त्यांना दुखवू नका. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि ओल्या जखमेवर तिचा थर घट्ट बसतो. खाली काय चाललंय ते दिसत नाही, पू आतच राहतो. खोबरेल लावलं की मांजर तीच जागा दुप्पट चाटते. कापूर मात्र खरोखर विषारी आहे, तेलात घालून लावायचं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

यापुढचं लक्षपूर्वक वाचा, कारण शहरातल्या डॉक्टरांच्या सल्ल्यात हे सहसा नसतं. आपल्याकडे ज्या घरात मांजर असते त्याच घरात गोठा असतो, आणि गोठ्याच्या कोनाड्यात गुरांची अर्धी उरलेली औषधं असतात. गुरांच्या जखमेच्या स्प्रेमध्ये माश्या पळवणारी तेलं आणि रसायनं असतात, तो मांजरावर नको. गोचिडांसाठी गुरांवर मारतात ते डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमित्राझ यांपैकी काहीही मांजरावर नको, पातळ करूनही नको. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिनने मांजराला झटके येतात आणि ते तासन्‌तास थांबत नाहीत. गाईचं उरलेलं एन्रोफ्लॉक्सासिन टोचणारीही माणसं आहेत. हे चांगलं अँटिबायोटिक आहे, पण मांजरात दर किलोला दिवसाला ५ मिलीग्रॅमच्या वर गेलं की डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो आणि ती आंधळी होऊ शकते. जखम बरी आणि मांजर आंधळी, असं मी पाहिलं आहे. गुरांचं जंत-गोचिडांवरचं औषध आयव्हरमेक्टिन, तेही तसंच. सिरिंजवरची एक रेघ गाईच्या हिशेबात काहीच नसते, पाऊण किलोच्या पिल्लाला ती बेशुद्ध करते.

पावसाळ्यात, विशेषतः श्रावण-भाद्रपदात, अळ्यांचं मोठं दुखणं असतं. ओल्या, वास येणाऱ्या जखमेवर माशी बसते आणि केसांच्या मुळाशी पांढरट अंड्यांचे पुंजके घालते. दिवसाभरात त्यातून अळ्या निघतात आणि मांस खात आत शिरतात. म्हणून जखम असेल तोवर मांजर घरात ठेवा, टोपलीवर लहान बाळाची मच्छरदाणी घाला. अंडी दिसली तर त्या जागेचे केस मुळापासून कापून टाका, धुवून ती निघत नाहीत. अळ्या दिसल्या तर मिठाच्या पाण्याने जोरात धुवा, वर येतील तेवढ्या चिमट्याने काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे या. टर्पेंटाईन, घासलेट, फिनेल, डांबरगोळीची पूड, तंबाखू, चुना हे सगळं गुरांच्या अळ्यांसाठी खेड्यात वापरतात. मांजर ते चाटते, श्वासातून फुप्फुसात घेते आणि अळ्यांच्या आधी तीच जाते.

उन्हाळ्यात वेगळी काळजी. भुसावळ-जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये ४५ च्या आसपास जातो, तापलेल्या पत्र्यावरून चाललेल्या मांजराचे तळवे भाजून येतात. नळाचं साधं गार पाणी दहा ते वीस मिनिटं सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, तूप नको. फोड आला तर फोडू नका. तापलेली आणि न खाणारी मांजर या दिवसांत फार लवकर सुकते, पाण्याची वाटी तिच्या तोंडाजवळ ठेवा आणि खाण्यातही थोडं पाणी मिसळा. हळदमिठाच्या वरण-पोळीपेक्षा या दिवसांत उकडलेलं अंडं किंवा कांदा-लसूण न घातलेलं साधं चिकन द्या, जखम भरायला प्रथिनं लागतात. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला बाधतात.

संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाच्या जखमा येतात. धागा पायात किंवा गळ्यात रुतलेला असेल तर ओढू नका, आत किती खोल गेला ते वरून कळत नाही. तोंडातून लोंबत असेल तर मुळीच ओढू नका. आणखी एक आठवण: पिल्लाला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा बांधतात. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. दोन महिन्यांनी गळ्याभोवती ओली, वास येणारी रेघ दिसते आणि दोरा कातडीच्या आत गेलेला असतो. बांधला असेल तर आजच कापा.

कुत्र्याने धरलं असेल तर वरून दोनच छिद्रं दिसली तरी घरी थांबू नका. कुत्रा धरून झटकतो, आतलं मांस चिरडलेलं असतं, बरगड्या मोडलेल्या असू शकतात. शिवाय रेबीज. मांजराला आधी लस झालेली असो वा नसो, कुत्रा चावल्यावरच्या इंजेक्शनांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरला विचारा. आणि ही सगळी खटपट करताना मांजर तुम्हाला चावली किंवा खोल ओरबाडलं, तर तिची जखम बाजूला ठेवून आधी तुमचा हात नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस तिथे मिळते. घरची पाळलेली आहे म्हणून सोडून देऊ नका. मांजराच्या चाव्याने माणसाच्या बोटाच्या सांध्यात एका रात्रीत पू होऊ शकतो.

टीटीचं विचारलंत. मांजराला धनुर्वाताची बाधा फार क्वचित होते, तिच्यात त्याला चांगला प्रतिकार असतो. टीटी लागत नाही.

घरी करत असताना कधी थांबायचं, तर खाणं हे माझं पहिलं माप. मांजराने २४ तास काही खाल्लं नाही की दाखवा, विशेषतः ती जाडजूड असेल तर. उपाशी राहिलेल्या जाड मांजराचं यकृत दोन-तीन दिवसांत चरबीने भरू लागतं, आणि ते मूळ जखमेपेक्षा अवघड दुखणं होतं. ताप बघायचा तर डिजिटल थर्मामीटरला व्हॅसलिन लावून गुदद्वारात हलकेच घालून बघता येतो. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे मांजराचं नेहमीचं तापमान, १०३ च्या वर गेलं तर ताप. पण तिला फार धरावं लागत असेल तर राहू द्या, कान गरम लागतो यावरून मात्र काही ठरवू नका. जखमेला वास आला, कडा सुजल्या, पाय उचलून धरायला लागली, डोळ्याजवळ काही लागलं असेल, किंवा चार दिवसांच्या फोटोंत जखम तेवढीच दिसत असेल, तरीही दाखवा. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या बाबतीत वाटच बघू नका.

न्यायचं कसं, ही अडचण खरी आहे. पिशवीत घातलेली मांजर एसटीत सुटते. केळीच्या बागायतीचे प्लास्टिक क्रेट रावेर-यावल-चोपड्याकडे कुठेही मिळतात. एका क्रेटमध्ये जुनं लुगडं अंथरा, मांजर ठेवा, दुसरा क्रेट वर उलटा घाला आणि चारही कोपरे सुतळीने बांधा. वरून ओलसर कापड टाका, हवेची बाजू उघडी ठेवा. अंधारात ती शांत बसते. निघण्यापूर्वी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून मांजराची चावल्याची जखम आहे हे सांगा, म्हणजे गुरांची गर्दी ओसरल्यानंतरची वेळ मिळेल. फोन नंबर नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे, तिथे जवळच्या दवाखान्याची चौकशी करता येते. वजन माहीत असेल तर सांगा: आधी स्वतः वजनकाट्यावर उभं राहा, मग मांजर घेऊन, फरक तेवढं वजन. औषधाची मात्रा त्यावरच ठरते.

त्याच फेरीत दोन गोष्टी डॉक्टरांशी बोलून घ्या. रेबीजची लस झाली नसेल तर ती कधी द्यायची, आणि जखम भरल्यावर तिची नसबंदी. माजावर आलेली मादी असली की तीन-चार बोके धाब्यावर जमतात आणि या जखमा दर काही आठवड्यांनी परत होतात. चाव्यातून मांजरांमध्ये प्रतिकारशक्ती खच्ची करणारे विषाणूही पसरतात, आणि त्यांच्यावर मुळातून बरं करणारं औषध नाही. गल्लीतला तो बोका कुणाच्या घरचा असेल तर त्याच्या मालकांनाही सांगा. बोक्याचं ऑपरेशन मादीपेक्षा लहान आणि स्वस्त असतं, तो काही दिवसांत खडखडीत होतो, आणि भांडायला बाहेर पडणंही पुष्कळ कमी होतं.

बाहेर कधी सोडू, असंही तुम्ही विचाराल. पायावरची ओल पूर्ण जाऊन गुलाबी कोरडी कातडी आली, मानेवर सूज नाही, गोळ्यांचा कोर्स संपला, आणि कॉलर किंवा मोजा काढल्यावर ती दिवसभर त्या जागेकडे वळली नाही, की सोडा. तोवर रेतीचं घमेलं घरातच ठेवा, पण जखम ओली असेपर्यंत त्यात रेतीऐवजी वर्तमानपत्राचे कपटे घाला. रेतीचे कण जखमेत जातात.

मानेवरच्या छिद्रांचं काय निघालं ते कळवा, आणि फोटो पाठवाल तर नाणं शेजारी ठेवून पाठवा.